नमुना नंबर सातची जलसफर

उसाचं बिल खात्यावर जमा झालं की पाटसकर पूर्वी तीन कामं उरकायचा. सोसायटीचं नवं-जुनं करायचा, पोरीचं लग्न जमवायचा आणि तुळजापूरला जाऊन यायचा. अलीकडं त्यात चौथं काम वाढलं आहे : मालवणला जाऊन प्रायव्हेट बोट करणं. पैसे कारखान्याचे असोत की गुऱ्हाळावरची रोकड असो, हंगामात निम्म्या गावाच्या स्टेटसवर एकच फोटो झळकतो. मागं निळं पाणी, पुढं नारिंगी जॅकेटात कोंबलेलं कुटुंब आणि कुटुंबाच्या मधोमध, टोपी न काढलेले आबा.

पाटसला तसं काय कमी आहे? पुणे-सोलापूर महामार्ग दारात आहे. टोलनाका आहे. रेल्वे स्टेशन आहे. काही हंगाम थंड पडून पुन्हा पेटलेला भीमा कारखाना आहे. समुद्र तेवढा द्यायचा राहून गेला. येत्या निवडणुकीत कुणी नेटानं मागितला तर सर्वेक्षणाला तत्त्वतः मंजुरी मिळायला हरकत नाही. भूमिपूजन पुढच्या निवडणुकीत.

तोवर देवबागच्या धक्क्यावर उभं राहणं आलं. ही प्रायव्हेट बोट ठरवण्यामागचा हेतू असा, की आपण आणि समुद्र, तिसरं कुणी नको. त्याप्रमाणे दोन भाऊ, दोन जावा, पाच पोरं, एक मेव्हणा, गाडीचा ड्रायव्हर आणि आबा एवढेच लोक बोटीत बसतात. भडंगाची पिशवी वेगळी. बोटवाला सफरीचा मार्ग सांगतो : कर्ली नदीचं मुख, संगम, डॉल्फिन, भोगव्याचा किनारा, निवतीचे खडक, परतीला त्सुनामी आयलंड आणि तिथं अर्धा तास पोहणं. धाकटी सून रेट पुन्हा एकदा पाडून बघते. मग इंजिन सुरू होतं आणि आबांचे प्रश्नही.

“किती एचपीची आहे?”

बोटवाला सांगतो. आबा मनातल्या मनात ती मोटर आपल्या विहिरीवर बसवून बघतात.

“खोली किती असंल?”

बोटवाला तेही सांगतो.

“आन् हे पाणी कुणाच्या वाट्याचं?”

इथं मात्र बोटवाला अडखळतो. “कोणाच्या नाय हो काका. समुद्राचा पाणी ता.”

आबांना हे पटत नाही. दौंड तालुक्यात जन्म गेलेल्या माणसाला इतकं पाणी दिसलं की पहिली शंका येते, वरच्यांनी दाबलं कसं नाही? आणि दुसरी, आपलं आवर्तन चुकवून हे इकडं कुणी सोडलं? चारीच्या दारावर मध्यरात्री बॅटरी घेऊन दारं धरलेला माणूस आहे तो. मालकाशिवाय पाणी असतं हे त्याला तिकीट काढून दाखवलं तरी खरं वाटत नाही.

डॉल्फिन दिसतो म्हणजे त्याची पाठ दिसते. सगळे डावीकडं धावले की तो उजवीकडं वर येतो, मोबाइल उजवीकडं वळले की गायब. निवडून गेलेल्या उमेदवारासारखं त्याचं दर्शन. तरीही घरी सांगताना पाच डॉल्फिन होते. मेव्हण्याच्या मते सात.

मग येतं ते त्सुनामी आयलंड. खाडीच्या तोंडाशी पडलेली वाळूची पट्टी. भरतीला पाण्याखाली जाते, ओहोटीला वर येते. आपल्याकडं उजनीचं पाणी खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, त्यातलाच प्रकार. फक्त तिथं चहाभजी मिळत नाही आणि इथं मिळते. पोहण्याचा अर्धा तास इथं वसूल करायचा असतो. पाणी गुडघ्याएवढं. त्यात ज्या माणसांनी जॅकेटचे तिन्ही पट्टे आवळून बूड टेकलेलं असतं, ती लहानपणी पाठीला पांगाऱ्याचा ओंडका नाही तर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत ढकलली गेलेली माणसं आहेत. चुलता काठावर उभा राहून फक्त दोन शब्द बोलायचा, “हात मार.” तेवढाच कोर्स. मे महिन्यात ही पोरं विहिरीच्या थारोळ्यावरून मुटका मारायची आणि कॅनॉलच्या पुलावरून सूर. फी शून्य. तीच माणसं आता गुडघाभर पाण्यात माणशी पैसे मोजून “सोडू नका हां” म्हणत एकमेकांचे हात धरून बसतात.

जॅकेटाची मात्र मी चेष्टा करणार नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीलाच बोट उलटून दोन पर्यटक गेले. समुद्राला पोहणाऱ्याची विहीर माहीत नसते. बांधा, घट्ट बांधा.

पोरं किल्ला करायला लागली आणि आबा एकटेच वाळूत उकिडवे बसले. मूठभर उचलली, चोळली, तळहातावर पसरून उन्हात धरली. मग बोटवाल्याला जवळ बोलावून हळूच विचारलं, “एवढी उघड्यावर पडलीय. रात्री राखण कोण करतं?”

बोटवाल्याला प्रश्नच कळला नाही. पाटस, दौंड, शिरूरच्या वाचकाला तो समजावून सांगायची गरज नाही.

कारण आम्हालाही किनारा होता. भीमेला वाळू होती, ढिगानं होती. यात्रेला गेलेली माणसं तिच्यात पाय सोडून बसायची, उन्हाळ्यात झरा उकरून पाणी प्यायची, नदीकाठच्या वाड्या तिच्यात कलिंगडाच्या वाड्या करायच्या. तो सगळा बीच एक एक ब्रास करत हायवेनं पुण्याला गेला आणि आता तिथं बाराव्या मजल्यावर टू बीएचके होऊन उभा आहे. वाळू पाणी धरून ठेवायची म्हणून काठच्या विहिरींना पाझर राहायचा. वाळू गेली तसा तो तुटला. नदीत उरले ते खड्डे, आणि त्यात दर उन्हाळ्यात कुठल्या तरी गावचं पोरगं पोहायला उतरतं ते वर येत नाही. तिथं जॅकेट देणारा कुणी नसतो. सरकारनं २०२३ मध्ये सहाशे रुपये ब्रासनं डेपोतून वाळू द्यायचं धोरण आणलं. वाळूच्या ट्रॅक्टरांनी ते अंधारात असल्यामुळं वाचलं नसावं.

आणि प्रायव्हेट बोटीचं म्हणाल तर त्यात मालवणनं आम्हाला शिकवू नये. आमच्या भीमेत खासगी बोटी कधीच्या आहेत. फायबर बोट वेगळी, सक्शन बोट वेगळी. गडी तिला ‘सेक्शन’ म्हणतात. सफर रात्रीची. दिवे नाहीत, गाणी नाहीत, अत्यंत शांत वातावरण. किनाऱ्यावर एक माणूस फक्त मोबाइल घेऊन बसलेला असतो, त्याचं काम तहसीलच्या गाडीची वाट बघणं. हे इतकं खासगी पर्यटन की बोट कुणाची हे विचारलं तर गावात एकालाही माहीत नसतं. पाच-सहा महिन्यांनी महसूलचं पथक येतं, बोट मधोमध ओढून जिलेटिन लावतं, धुराचा लोट उठतो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो : ‘इतक्या लाखांच्या बोटी नष्ट’. आठवड्यानं नवी बोट. मालवणच्या बोटवाल्याला वर्षात एकदा रंग काढावा लागतो तर तो कुरकुरतो. आमच्या बोटवाल्याला अख्खी बोटच काढावी लागते, पण त्याची कधी तक्रार ऐकली नाही. धंद्यात तेवढं सुटत असणार.

दिवसाची सफर हवी असेल तर उजनी आहे. १९८० साली धरण झालं, भीमेचं पाणी मागं सरकत राजेगाव-खानवट्यापर्यंत आलं आणि दौंड तालुक्यालाही क्षितिज मिळालं. भिगवणजवळ कुंभारगावला हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. पुण्याचे लोक पहाटे चारला निघून, दोन फुटांच्या लेन्सा घेऊन, लाकडी होडीत बसून त्यांचे फोटो काढतात आणि नंतर चिलापीवर ताव मारतात. होडी चालवणारा मच्छीमार त्यांना प्रत्येक पक्ष्याचं नाव सांगतो. हे चांगलंच चाललं आहे.

पण त्याच पाण्यावर दुसरीही बोट चालते, तिला सफर म्हणत नाहीत. करमाळ्याच्या काठावरून इंदापूरच्या काठावर जायला रस्त्यानं मोठा वळसा, पाण्यातून थोडकं अंतर. दवाखाना, बाजार, पाहुणे, मोटरसायकल, सगळं त्याच बोटीत. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडं येणारी अशी एक बोट संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली. सहा माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. हौसेनं बोटीत बसणाऱ्याला बसायच्या आधी जॅकेट मिळतं. नाइलाजानं बसणाऱ्याला ते मिळावं यासाठी आधी बातमी व्हावी लागते, मग पाहणी दौरा, मग पूल मंजूर. पाहणी दौऱ्यातले साहेब मात्र जॅकेट घालूनच बोटीत बसतात, हे मी कुठलाही फोटो न बघता सांगू शकतो.

तर या सगळ्याचा विचार करून मी पाटससाठी एक योजना आखली आहे. कालवा क्रूझ.

कालवा आपला जुना आहे, नामांकित आहे. १८६०च्या दशकातल्या दुष्काळानंतर फाईफ नावाच्या इंग्रज इंजिनिअरानं खडकवासल्याचा बेत केला आणि पुढच्या दशकात मुठेचं पाणी पूर्वेच्या कोरड्या मुलखाकडं निघालं. तलावाला तेव्हा लेक फाईफ म्हणत. नाव ऐकताच निम्मी बुकिंग होतील. बोट खडकवासल्याला सुटेल. शहर ओलांडताना पर्यटकांना दांडेकर पुलाजवळचा ऐतिहासिक पॉइंट दाखवता येईल. २७ सप्टेंबर २०१८ ला सकाळी कालव्याची भिंत फुटून शेकडो घरांत पाणी शिरलं, ते हे ठिकाण. भिंत कुणी पोखरली? तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी उंदीर, घुशी आणि खेकडे अशी नावंच सांगितली होती. पुढच्या वर्षी चिपळूणजवळचं तिवरे धरण फुटलं, तेव्हाही मंत्रिमहोदयांच्या तोंडी खेकडेच आले. म्हणजे वन्यजीव दर्शनाची चिंता मिटली. मालवणला खेकडा शोधावा लागतो. आपला खेकडा शासनमान्य आहे.

पुढं हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत करत पाटस. सफरीचे दोन वर्ग राहतील. मोठ्या कालव्यातून जाईल ती डीलक्स. आणि मुंढव्याच्या जॅकवेलमधून पुण्याचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी ज्यात सोडतात, त्या बेबी कालव्यातून जाईल ती इकॉनॉमी. प्रक्रिया झालेली आहे असं महापालिका म्हणते, आणि पाण्याचा रंग महापालिकेचं ऐकत नाही. या वर्गात पोहणं ऐच्छिक ठेवू. नदीचा तिसरा मार्गही सुचवला गेला होता, पण मुळा-मुठेत जलपर्णी एवढी माजते की तिथं बोटीपेक्षा पायी सहल काढणं सोपं.

डीलक्सवाल्यांना पोहण्याचा थांबा यवतच्या पुढं, ‘कालव्यात पोहण्यास सक्त मनाई’ या पाटीखाली. सावली चांगली पडते. काठावर रात्रीसाठी गुंडाळून ठेवलेले सायफनचे पाइप दिसतील, त्यांचे फोटो काढू नयेत. ते आपल्याच पाहुण्यारावळ्यांचे असतात.

अडचण फक्त वेळापत्रकाची आहे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, चारी धरणं मिळून साधारण २९ टीएमसी पाणी. त्यातून पुण्याची तहान आधी. राहिलेल्यासाठी कालवा सल्लागार समिती बसणार, त्यात पुणेकर म्हणणार आम्हाला कमी पडतं, दौंडवाले म्हणणार वरच्यांनी उचललं, इंदापूरवाले म्हणणार दौंडवाल्यांनी उचललं, टेलला कधी पोचणार? या भांडणात पाटस बरोबर मधे आहे, त्यामुळं आम्हाला सकाळी वरच्यांना शिव्या देता येतात आणि संध्याकाळी खालच्यांच्या खाता येतात. बोट यवतपर्यंत आली आणि पाणी वरून बंद झालं, तर पर्यटकांनी तिथंच उतरून एसटी धरावी. पैसे परत नाहीत.

बुकिंगची पद्धत सोपी आहे. पाणी मागणीचा नमुना नंबर सात भरायचा, सातबारा जोडायचा, मागची पाणीपट्टी थकबाकी निल असल्याचा दाखला आणायचा आणि पाटकऱ्याला भेटायचं. तो शेतात नसेल तर चहाच्या टपरीवर असतो.

राहिला बोटवाला. कोकणात २६ मे ते ३१ ऑगस्ट जलक्रीडा आणि प्रवासी बोटी बंद असतात, माणसं रिकामी. त्यातलाच एक, देवबागचा, आबांनी फोन करून करून पाहणीला बोलावला. तो आला, कालव्याच्या भरावावर उभा राहिला. तळाशी वीतभर पाणी, त्यात एक म्हैस, एक चप्पल आणि गेल्या वर्षीचा गणपतीचा पाट. बराच वेळ त्यानं दोन्ही दिशांना बघितलं.

“हयसर भरती कधी येता?” त्यानं विचारलं.

आबांनी टोपी सारखी केली. “पालकमंत्र्यांना वेळ मिळाला की.”