आबाजींचा कोपरा

दहावीपर्यंत मराठीत शिकलेला सिंदेवाहीकडचा पोट्टा अकरावी सायन्सला गेला, की गणित एका रात्रीत इंग्रजी बोलायला लागतं. 'कॉन्स्टंटचा डेरिव्हेटिव्ह झिरो' हे वाक्य मी मोटारसायकलच्या नंबरासारखं पाठ केलं. अर्थ लागला तो मे महिन्यात, चंद्रपूरला मामाकडे. दुपारचा पारा 46 वर जाऊन बसला आणि तीन दिवस हलेना. मामा म्हणाले, "आज त् ऊन वाढलं नाही बावा." डोक्यात उजेड पडला. डेरिव्हेटिव्ह 'किती आहे' हे विचारतच नाही, 'किती वेगानं बदलतंय' एवढंच विचारतो. 46 असो की 4, हललं नाही तर उत्तर शून्य. अंग मात्र 46 च्याच हिशेबानं भाजतं.

पाच एक्सचा पाच, हेही जमलं. तेंदूपत्त्याचा ठरलेला भाव तसाच असतो. पुडा वाढला की तेवढेच पैसे वाढतात.

घोडं अडलं एक्सच्या वर्गाशी. उत्तर दोन एक्स का? मी आमची चौकोनी बांधी घेतली, बाजू 30 हात. पूर्वेचा आणि उत्तरेचा धुरा, म्हणजे बांध, एकेक हात बाहेर सरकवला, की धानाला 30-30 चौरस हातांच्या दोन पट्ट्या मिळतात. दोन एक्स म्हणजे याच दोन पट्ट्या! कोपऱ्यात एक चौरस हात उरतो, तो सोडून द्यायचा.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, खाटेवर उठून बसले. "कोपरा कायले सोडाचा? मोहाचं झाड त् तिथंच हाये!"

धुरा शेजाऱ्याच्या वावरात सरकवायला त्यांची काहीच हरकत नव्हती, हे इथं नोंदवून ठेवतो.

पुढे कळलं, आबाजी एकटे नव्हते. आयर्लंडमधले बिशप बर्कली यांनी 1734 साली 'द अ‍ॅनालिस्ट' लिहून न्यूटनच्या मंडळींना हेच विचारलं होतं: जी वाढ धरून भागाकार करता, तीच शेवटी शून्य म्हणून टाकता कशी? मोहाचं झाड नसताना माणूस इतका भांडला! उत्तर नीट बसायला जवळजवळ शतक लागलं. 1821 साली कोशी या फ्रेंच गणितज्ञानं सगळं कलन 'सीमे'च्या पायावर उभं करायला घेतलं.

मी आबाजींपुढे आकडे मांडले. धुरा 1 हात सरकवला, तर हातामागे वाढ 61. हाताचा दहावा भाग सरकवला, तर 60.1. शंभरावा, तर 60.01. म्हणजे कोपरा कोणी फेकत नाही, धुरा जितका कमी सरकवाल तितका तो आपोआप विरत जातो आणि हिशेब 60 ला टेकतो.

"याले सीमा म्हनते, आबाजी."

आबाजींनी तंबाखू मळत बराच वेळ विचार केला.

"सीमेचा मामला हाये त् मोजनीची फी भर," ते म्हणाले. "अन् झाड कोनाकडं गेलं ते पायल्याबिगर सही करू नोको."