घाटमाथ्यावर खापर

मे महिन्यातल्या कुठल्याही शनिवारी वाईहून पाचगणीकडे निघावं. पसरणीच्या घाटात तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर एक जुनी डिझेल गाडी आ वासून उभी दिसतेच. तिच्या पुढ्यात वाफेचा लोट, वाफेच्या पुढ्यात पिण्याच्या पाण्याची बाटली धरलेले गृहस्थ आणि कठड्यावर टेकून लाडवांचा डबा उघडणाऱ्या काकू, हे नेपथ्य ठरलेलं. (डबा उघडणं हे त्या संपूर्ण प्रसंगातलं एकमेव शहाणपणाचं कृत्य असतं. त्याकडे पुढे येऊ.) मदतीला थांबलेले कुणी अनुभवी काका हात मागे बांधून निकाल देतात, "घाटच वाईट आहे हो हा, सगळ्यांच्याच गाड्या तापतात." नेमक्या त्याच वेळी त्यांच्या पाठीमागून बटाट्याची पोती लादलेला, वयाने त्या गाडीचा थोरला भाऊ शोभेल असा टेम्पो कण्हत-कुंथत, पण न थांबता वर निघून जातो. पुराव्याकडे काकांची पाठ असते. माझं म्हणणं त्या टेम्पोच्या बाजूचं आहे. घाट निर्दोष आहे. गाडीला आलेला ताप पुण्यातूनच डिकीत भरून आणलेला असतो, पुरीभाजीच्या पिशवीशेजारी. घाट फक्त पिशवी उघडून दाखवतो.

आता घाट मागतो तरी किती, याचा हिशेब मांडू. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी सुमारे १३०० मीटरवर. माणसं, सामान आणि डबे धरून दीड टनाची गाडी सहाशे मीटर उचलायला पाव लिटर डिझेलमध्ये असते तेवढी उष्णता पुरावी. पण इंजिन हा दलाल माणूस. जळलेल्या तेलातला ढोबळमानाने तिसरा हिस्सा तो कामाला लावतो, दुसरा तिसरा हिस्सा धुराबरोबर उडवतो आणि उरलेला इंजिनाभोवतीच्या पाण्याच्या गळ्यात मारतो. म्हणजे गाडी वर न्यायला जेवढी ऊर्जा लागली, जवळजवळ तेवढीच पाण्यात उतरते, आणि तेवढ्यात पंचवीसेक लिटर गार पाणी, म्हणजे तांब्याचा एक बंब, कढ येईपर्यंत तापतं. गाडीत पाणी मात्र सगळं मिळून आठ-दहा लिटर. हा बंब अर्ध्या तासाच्या चढात वाऱ्यावर रिता करत राहणं, एवढंच रेडिएटरचं काम. काम मोठं आहे, पण अवाजवी नाही. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा ते तिला येत होतं. खुद्द रुडॉल्फ डिझेल यांचा बेत याहून महत्त्वाकांक्षी होता. १८९३ च्या पुस्तकात त्यांनी कल्पिलेल्या इंजिनाला थंड करायला पाणीच लागणार नव्हतं. ऑग्सबर्गला प्रयोग सुरू झाल्यावर सिलिंडरभोवती पाणी खेळवावंच लागलं, आणि १८९७ साली जे इंजिन यशस्वी ठरलं त्याने तेलातली साधारण २६ टक्के उष्णता कामी लावली. डिझेलसाहेबांना जे जमलं नाही, ते दर उन्हाळ्यात पसरणीच्या घाटात रेडिएटर कोरडा ठेवून पुन्हा करून पाहिलं जातं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की दोष गाडीतच असता तर ती सपाटीवरही तापली असती. दिसायला हे बिनतोड आहे. पण ज्याचं वाण्याकडे खातं आहे, त्याच्या घरात महिनाअखेरीपर्यंत सगळं आलबेलच दिसतं. रेडिएटरच्या नळ्यांपैकी तिसरा हिस्सा क्षारांनी बुजला, तरी उरलेल्या नळ्या सपाटीचा खर्च भागवतात. चढावर उधारी अंगावर येते. शिवाय सपाटीवर गाडी काहीच बोलत नाही, हेही खरं नाही. तापमानाचा काटा कुठे चढला आणि कुठे उतरला एवढं ध्यानात ठेवलं, तर पुणे ते पाचगणी हा रस्ता म्हणजे शंभर किलोमीटर लांबीचा तपासणीचा कागद आहे. खेड शिवापूरच्या टोलनाक्याच्या रांगेत काटा चढला आणि गाडी सुटल्यावर उतरला, तर वारा कमी पडतोय. धावताना वारा फुकट मिळतो, उभं राहिल्यावर तो पंख्याने ओढावा लागतो. मग पट्टा सैल आहे का, पंख्याचा क्लच घसरतोय का आणि पंख्याभोवतीचं काऊल जागेवर आहे का, ते बघायचं. हे काऊल मागच्या एका दुरुस्तीत 'अडचण होते' म्हणून काढलेलं असतं आणि सध्या गॅरेजच्या माळ्यावर सुखात असतं. याउलट रांगेत शांत राहणारा काटा शिरवळच्या मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना चढू लागला, तर वारा भरपूर आहे, पाणी फिरत नाही. नळ्या बुजल्या असतील, पंपाची पाती झिजली असतील, किंवा खालचा होज पाइप म्हातारा होऊन पंपाच्या ओढीने गालफडासारखा आत बसत असेल. हा शेवटचा रोग फार लबाड. गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत पाइप पुन्हा गुटगुटीत झालेला असतो.

पुढे खंबाटकी चढताना काटा वर आणि मागे काळा धूर असेल, तर पाण्याला दोष देण्याआधी तेलाकडे बघावं. जुन्या डिझेल गाडीचे नोझल ठिबकत असतील, पंपाचं टायमिंग मागे पडलं असेल, तर तेल उशिरा जळतं आणि त्याची ताकद चाकांऐवजी सायलेन्सरला आणि हेडला मिळते. रेडिएटर बिचारा दुसऱ्याच्या पापाचं पाणी भरत असतो. आणि ज्या गाडीचे होज इंजिन चालू होताच, गार असतानाच दगडासारखे टणक होतात, रेडिएटरमध्ये सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे येतात, तिला घाटापर्यंत नेऊच नये. तिचं हेड गॅस्केट गेलेलं आहे आणि सिलिंडरमधली हवा पाण्यात शिरते आहे. घाटातल्या खामजाई देवीला नारळ फोडून ते बुजत नाही.

अधिक अभ्यासू मंडळींचा आक्षेप शास्त्रीय असतो: उंचीवर पाणी लवकर उकळतं, मग घाटाचा काहीच दोष नाही कसा? खरं आहे. पाचगणीत उघड्या पातेल्यातलं पाणी शंभराऐवजी ९५-९६ अंशांनाच उकळतं. पण रेडिएटर हे पातेलं नव्हे, कुकर आहे. त्याच्या झाकणावर ०.९ असा आकडा असेल आणि आतलं रबर व स्प्रिंग धड असेल, तर दाबामुळे पाणी ११८ अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. घाट यातले दोन-तीन अंश घेतो. फाटकं रबर अठरा घेतं. कुकरची रिंग सैल झाली की घरात त्याच दिवशी आरडाओरडा होतो, कारण वरण शिजत नाही. रेडिएटरचं झाकण मात्र वारसाहक्काने एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातं.

आणि थर्मोस्टॅट! या दोन-अडीच इंची पितळी वस्तूएवढी बदनामी कुणाच्या वाट्याला आली नसेल. "आपल्याकडे उन्हाळाच एवढा, हा पाहिजे कशाला?" म्हणत मिस्त्री ती काढून टूलबॉक्सच्या तळाशी टाकतो आणि गिऱ्हाईक उपकृत होतं. थर्मोस्टॅट अडकून बंद राहिला असेल, तर काढल्यावर काटा उतरतोही, हे मान्य. पण बऱ्याच इंजिनांत तो दुहेरी दरवान असतो. ८२-८८ अंशांना रेडिएटरकडचं दार उघडताना तो आडवाटेचं दार लावून घेतो. दरवानच हाकलला, तर आडवाट कायमची उघडी राहते आणि गरम पाण्यातला काही भाग रेडिएटरचं तोंडही न पाहता माघारी येतो. थंडीत इंजिन नीट तापत नाही, तेल जास्त खातं, हा वर दंड. थर्मोस्टॅट चालतो की नाही, हे ठरवायला तज्ज्ञ लागत नाही. पातेलंभर पाण्यात सोडून गॅसवर ठेवावा. उकळी फुटण्याआधी त्याने तोंड उघडलं, तर निर्दोष सुटका. काकूंनी मात्र त्या पातेल्याचा पुढे हिशेब मागू नये.

"पण पाणी ओतलं की काटा खाली येतो ना?" येतो. ताप आल्यावर कपाळावर घडी ठेवली की पारा उतरतो तसा. वाईट म्हणजे, पाणी सेन्सरच्या खाली गेलं, तर काटा काहीही न ओततासुद्धा उतरतो, कारण त्या बिचाऱ्याला मोजायला पाणीच उरत नाही, आणि मालक म्हणतो, "बघा, झाली बरी!" बोअरचं पाणी ओतून मिळवलेल्या आरामाची किंमत क्षारांच्या रूपाने नळ्यांत जमा होत राहते. त्यापेक्षा काटा चढू लागताच खालचा गिअर टाकावा, म्हणजे पंप आणि पंखा जोरात फिरतात. एसी बंद, हीटर चालू. भर उन्हात हीटर म्हणजे सासुरवास खरा, पण तोही एक धाकटा रेडिएटरच. थांबल्यावर पाणी शिल्लक असेल आणि वाफ नसेल, तर इंजिन दोन-चार मिनिटं तसंच चालू द्यावं. उभं डिझेल इंजिन फार थोडं तेल जाळतं आणि पाणी मात्र फिरवत राहतं. पाणीच गेलं असेल, तर ताबडतोब बंद. झाकणाला अर्धा तास हात लावायचा नाही आणि तापल्या हेडवर गार पाणी तर मुळीच नाही, कारण हेडला चीर जाते. लाडवांचा डबा म्हणजे नेमका याच अर्ध्या तासाची तजवीज.

राहता राहिला वयाचा मुद्दा. गाडी जुनी झाली, तापायचीच, हे आपण इतक्या मायेने म्हणतो, की जणू तिचे गुडघे दुखताहेत. पण बिडाचा ब्लॉक वीस वर्षांत म्हातारा होत नाही. म्हातारं होतं ते रबर, आणि साठतो तो गाळ. रेडिएटर उतरवून रॉडिंग करायचं, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवायची, जाळीतला भुसा आणि किडे मागच्या बाजूने पाणी मारून काढायचे, होज, पट्टा आणि झाकण बदलायचं, कूलंट भरून हवा काढायची. एका दिवसाचं काम, आणि खर्च महाबळेश्वरच्या एका रात्रीच्या मुक्कामापेक्षा बहुधा कमीच. ते होत नाही याचं कारण गॅरेजमध्ये नाही, आंबेनळीच्या घाटात सापडतं. महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरताना पाय पेडलवरून निघालेला असतो, पंप तेल देणं थांबवतो, पाणी आणि पंखा मात्र गिअरच्या जोरावर फिरतच राहतात. काटा तळाला जाऊन गुण्यागोविंदाने बसतो. खाली टपरीवर चहा घेताना गृहस्थ बॉनेटवर थाप मारतात, "काय पळाली बघा, काही झालेलं नाही हिला," आणि रेडिएटरचं काम पुढच्या मे महिन्यावर जातं. परतीचा रस्ता तोच आहे आणि आता तो चढाचा आहे, हे कुणाच्या लक्षात आलेलं नसतं. काकू तेवढ्या समोरच्या दुकानात लाडू मिळतात का, ते विचारत असतात.