दुसरा डोळा निम्म्या भावात

अमेरिकेत म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा आहे, मेडिकेअर. त्याचा हिशेब असा: मोतीबिंदूचे दोन्ही डोळे एकाच दिवशी केले, तर दुसऱ्या डोळ्याचे पैसे निम्मे. तोच डोळा दोन-तीन आठवड्यांनी केला, तर पूर्ण. आता तिथल्या सर्जनला विचारा, दोन्ही एकदम का करत नाही? तो गंभीर होऊन सांगेल, रुग्णाची सुरक्षितता!

भीती खोटी नाही. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाला आणि तो दोन्हीकडे झाला, तर माणूस कायमचा अंधारात. 2019मध्ये इंदूरला एकाच रुग्णालयात मोतीबिंदू काढलेल्या अनेकांची त्या डोळ्याची नजर गेली. अशा वेळी दुसऱ्या डोळ्याला कोणी हात लावलेला नसणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. शिवाय पहिल्या डोळ्यात लेन्सचा नंबर चुकला, तर दुसऱ्यात सुधारता येतो.

पण या भीतीवर तोडगाही आहे. एकाच माणसाचे दोन डोळे म्हणजे दोन वेगळे पेशंट समजायचे. हत्यारं वेगवेगळ्या खेपेत निर्जंतुक केलेली, औषधं वेगळ्या बॅचची, गाऊन-हातमोजे नवे. पहिल्या डोळ्यात जरा खुट्ट झालं, की दुसरा त्या दिवशी रद्द. फिनलंडमध्ये वर्षानुवर्षं असं चालतं. नेदरलँड्समध्ये 10 रुग्णालयांतल्या 865 रुग्णांवर दोन्ही पद्धती ताडून पाहिल्या. 2023मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: एका दिवसात उरकलेल्यांचा नंबर दुसऱ्या गटाइतकाच नीट बसला, खर्च मात्र कमी. (संसर्ग इतका दुर्मीळ, की 865 माणसांत त्याचा अंदाज येत नाही, हेही खरं.)

गंमत पुढेच आहे. त्याच अमेरिकेत कैसर परमनन्टे या आरोग्यसंस्थेचे डॉक्टर पगारी आहेत. डोळ्यामागे बिल नाही. तिथे अनेकांचे दोन्ही डोळे एकाच दिवशी होतात, आणि सर्जनांचे हात थरथरत नाहीत. आणि लेसिक, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायची लेझर शस्त्रक्रिया? त्यात तर दोन्ही डोळे एकाच बैठकीत करायची जगभर रीत. लेसिक डोळ्याच्या आत शिरत नाही, मान्य. पण पैसे गिऱ्हाईक खिशातून, दोन्ही डोळ्यांचे पूर्ण मोजतं, हेही मान्य करायला हवं.

मोतीबिंदूच्या दोन डोळ्यांमधले आठवडे मात्र रुग्णाने काढायचे. एका डोळ्याला जुना नंबर, दुसऱ्याला नवा. जिन्याची पायरी नेमकी कुठे ते कळत नाही. चष्मा करावा तर थोड्याच दिवसांत फुकट. ने-आण करणाऱ्या मुलाच्या रजाही दुप्पट.

आणि मेडिकेअर? निम्मे पैसे वाचवायला नियम केला. त्या भावात दुसरा डोळा करायला फारसं कोणी तयार होईना. मग तोच डोळा दुसऱ्या तारखेला होतो, आणि मेडिकेअर निमूटपणे पूर्ण बिल भरते.