सूपसोबत स्वर्ग

आयर्लंडमध्ये 1845 पासून बटाट्याचे पीक कुजले, माणसे उपाशी मरू लागली आणि काही प्रोटेस्टंट मिशनांना भुकेल्या कॅथलिकांच्या आत्म्यांचा घोर लागला. सूप मिळे, पण बायबलच्या धड्यासकट. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मात्र कसलीही अट न घालता सूप वाटले. पुण्याचा व्यवहार त्यांना कळत नसावा! यावर युक्तिवाद असा, की दान श्रद्धेतूनच घडते, मग ती लपवायची कशाला? लपवू नयेच. पण श्रद्धा हे देणाऱ्याचे कारण असावे, घेणाऱ्यावरची अट नव्हे. रिकाम्या पोटाचा होकार हा साक्षात्कार मानायचा, तर सावकाराच्या कागदावरचा अंगठाही भक्तीच ठरेल. शेवटी सूपसाठी धर्म सोडल्याचा टोमणा कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या चिकटला आणि आदर क्वेकरांच्या वाट्याला आला. म्हणजे निव्वळ धर्मप्रचार म्हणूनही बिनशर्त सूपच किफायतशीर!