विषाची परीक्षा कोण घेणार!

आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात लाटून इथं एक काटेरी झुडूप आहे. १९९९ साली ते नव्या रस्त्याच्या आड आलं. एडी लेनिहन नावाच्या कथेकऱ्यानं जाहीर इशारा दिला की हे पऱ्यांचं झुडूप आहे, तोडाल तर या रस्त्यावर अपघात होतील. शेवटी झुडूप राखूनच रस्ता झाला. आता कुणी अभियंता छातीवर हात ठेवून ‘माझा पऱ्यांवर विश्वास आहे’ असं म्हणाला असेल, असं मला वाटत नाही. पण विषाची परीक्षा कोण घेणार!

या पऱ्या म्हणजे पंख लावून कांडी फिरवणारी मंडळी नव्हेत. त्या तापट, मानपानाच्या भुकेल्या. त्यांचा उल्लेखही ‘भली माणसं’ असा करायचा. न जाणो, ऐकत असतील. रानात मातीचे गोल बांध दिसतात, तिथं त्यांचा मुक्काम. खरं तर ती हजारेक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची राहती घरं. पण पिढ्यानपिढ्या तिथं नांगर घालायची कुणाची छाती झाली नाही, आणि असे हजारो बांध टिकले. पुरातत्त्व खात्याला इतके स्वस्त राखणदार दुसरीकडे मिळायचे नाहीत.

पऱ्यांइतकाच धसका लोणी पळवणाऱ्या शेजारणीचा. मे महिन्याच्या पहिल्या सकाळी घरातलं दूध किंवा चुलीतला विस्तव बाहेर द्यायचा नाही. दिला की वर्षभराचं लोणी त्याच्यामागं गेलंच म्हणून समजा. एखादी बाई त्या पहाटे दुसऱ्याच्या कुरणातलं दव फडक्यानं टिपताना दिसली, तर तिची गावात धडगत नसे.

मला सगळ्यांत आवडते ती घुसळणीची रीत. उंच लाकडी पिंप, झाकणाच्या भोकातून वर आलेला दांडा, आणि तो खालीवर करून भरून आलेले हात. अशा वेळी दारात कुणी आलं, तर त्यानं ‘देव कामाला यश देवो’ म्हणायचं आणि दांडा हातात घेऊन चार हात मारायचे. तसाच निघून गेला, तर लोणी त्याच्याबरोबर जाणार! लोणी जाण्याची भीती पुढं करून पाहुण्याला कामाला जुंपणारी ती पहिली गृहिणी कोण असेल, तिला माझा नमस्कार.

हे सगळं आज कळतं ते शाळकरी मुलांमुळं. १९३७ ते १९३९ या काळात आयरिश लोककथा आयोगानं सुमारे पाच हजार शाळांतल्या वरच्या वर्गांना कामाला लावलं. निबंधाऐवजी घरातल्या, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायचं आणि ते वहीत उतरवायचं. त्या वह्या डब्लिनच्या विद्यापीठात जपून ठेवल्या आहेत, आणि आता संगणकावर कुणालाही वाचता येतात. ‘माझी आई’ आणि ‘पावसाळ्यातील एक दिवस’ यांना थोडी सुट्टी देऊन आपल्या शाळांनीही हा गृहपाठ द्यावा. आज्या अजून घरात आहेत.