ड्रॅगनची हिशेबवही

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी सिद्ध केलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ, म्हणजे टेबलाभोवती बसून योद्धा, मांत्रिक वा चोर यांची भूमिका घ्यायची आणि फाशांच्या दानावर साहस पुढे न्यायचे असा प्रकार, कल्पनाशक्तीला रुक्ष व्यवहारातून मुक्त करणारा म्हणून गौरवला जातो. ही मुक्ती कोष्टकांच्या साहाय्याने साधली जाते, हीच त्याची थोरवी होय. सत्तरच्या दशकाअखेरच्या नियमावलीत ओझे सोन्याच्या नाण्यांत मोजले जाई आणि दहा नाणी म्हणजे एक पौंड असा हिशेब होता. त्यामुळे आग ओकणाऱ्या ड्रॅगनला लोळवल्यावर वीर प्रथम पेन्सिल उचले आणि लुटीपैकी किती पेलवेल याची बेरीज करी. ड्रॅगनच्या अस्तित्वाविषयी कोणी हरकत घेत नसे, बेरजेविषयी मात्र वाद होत, आणि अशा शंका निकालात काढण्यासाठी १९७६ मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रॅगन’ या नियतकालिकात पुढे ‘सेज ॲडव्हाइस’, म्हणजे ज्ञानी पुरुषाचा सल्ला, हे सदरच चालवले गेले. याच शिस्तीला अनुसरून ड्रॅगनलाही गुहेतील सोन्याचे वार्षिक विवरणपत्र तीन प्रतींत भरण्याची आणि तलवारीने झालेल्या इजेचा दावा तीस दिवसांत दाखल करण्याची मुभा मिळावी, हे न्याय्यच ठरेल. त्याने परंपरेलाही बाध येणार नाही, कारण या खेळाच्या निर्मितीपूर्वी गायगॅक्स शिकागोतील एका विमा कंपनीत जोखीम तपासण्याच्या नोकरीत होते.