एकवीस मिनिटे मागे

जुनी घड्याळे जमवणे आणि ती अंगावर मिरवणे हा शौक वेळेची गरज संपल्यावर सुरू होतो, ही त्याच्या अभ्यासकाने प्रथम ध्यानात घ्यावयाची गोष्ट होय. कारण ज्याला वेळ हवी असते तो मोबाइल काढतो, आणि संग्राहकही मोबाइलच काढतो, परंतु मनगटावरचे घड्याळ कितपत चुकले आहे हे ताडून पाहण्यासाठी.

हिंगोलीत या शौकाला भूगोलाचा अनपेक्षित आधार मिळतो. १९०६ पासून अमलात आलेली भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे, हिंगोली मात्र सव्वासत्त्याहत्तर अंशांच्याही किंचित पश्चिमेला वसली आहे, आणि पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागत असल्याने येथील स्थानिक वेळ, म्हणजे सूर्य माथ्यावर येण्यावरून काढलेली सरासरी वेळ, प्रमाणवेळेच्या सुमारे २१ मिनिटे मागे राहते. त्यामुळे एकवीस मिनिटे मागे पडलेले घड्याळ बिघडलेले नसून सूर्याशी इमान राखून आहे, असा युक्तिवाद करता येतो. या युक्तिवादाला पूर्वाधारही भक्कम आहे, कारण मुंबईने आपली ३९ मिनिटे मागची ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत हट्टाने टिकवली होती. अडचण एवढीच की हिंगोलीतले तेच घड्याळ दुसऱ्या दिवशी ३९ मिनिटे मागे पडते, आणि मग ते मुंबईचे ठरते.

या मागे पडण्याची कारणे मात्र सूर्याशी फारशी संबंधित नाहीत. चावी दिली की मुख्य कमान गुंडाळली जाते, ती उलगडताना दातेरी चाकांना गती देते, आणि तोलचक्र नावाचे लहानसे चाक, घडीसाज जिला बालकमानी म्हणतात त्या केसासारख्या वेटोळ्या कमानीच्या जोरावर मागेपुढे झुलत त्या गतीला मोजून वाट देते. एचएमटीच्या ‘जनता’ घड्याळात असे ठोके तासाला १८,००० पडतात. जुन्या पोलादी बालकमानीची लवचिकता उष्णतेने कमी होते आणि घड्याळ रेंगाळते. या दोषावर उतारा ठरणाऱ्या निकेल-पोलादाच्या मिश्रधातूंच्या संशोधनासाठी शार्ल गियोम यांना १९२० साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि मराठवाड्याचा मे महिना, वर्षानुवर्षे न बदललेले तेल आणि दर दहा मिनिटांनी काटे सरकवणारा मालक या तिहींपुढे नोबेलचेही फारसे चालत नाही. डायलवर छापलेले ‘१७ ज्वेल्स’ म्हणजे आसांच्या टोकांची झीज टाळणारी कृत्रिम माणके असून, ती काढून अंगठी घडवण्याचा घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला नम्रपणे टाळावा.

मनगटी घड्याळाचे एक वेळ निभावते, कारण १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरात एचएमटीची घड्याळे बनू लागल्यावर सायकल आणि रेडिओच्या जोडीने घड्याळ हे जावयाच्या मानाचे अंग बनले आणि घरोघरच्या ट्रंकांत जाऊन विसावले. खिशातल्या साखळीच्या घड्याळाला मात्र जाकीट लागते, आणि उन्हाळ्यात जाकीट घालण्याचे धैर्य हिंगोलीत केवळ राजकीय कार्यकर्त्यांकडे आढळते. दुर्दैवाने त्यांच्या खिशात दोन मोबाइल आधीच असतात, शिवाय सभा ठरल्या वेळेला सुरू करण्याची निकड त्यांना सहसा भासत नाही. म्हणून संग्राहक हे घड्याळ नेहरू शर्टाच्या खिशात ठेवतो, आणि खाली वाकला की प्रथम घड्याळ वाकते.

केंद्र सरकारने २०१६ साली एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्यास मंजुरी दिल्यानंतर या घड्याळांचा भाव वधारला, आणि त्याबरोबर जगभरचे संग्राहक ज्याला ‘मुंबई स्पेशल’ म्हणून नाक मुरडतात तो माल वाढला: जुने यंत्र, भलतीच केस आणि नव्याने रंगवलेली भडक, चकचकीत डायल. शंका घेण्याची खूण सोपी आहे; साठ वर्षांचे घड्याळ नवरदेवासारखे दिसत असेल, तर वरात दुसऱ्याच कुणाची आहे असे समजावे. ज्यांच्या ट्रंकेत आजोबांचे घड्याळ असेल त्यांनी चावी ताठ लागताच थांबावे, तेल जाणत्या घडीसाजाकडूनच बदलून घ्यावे, साखळी हवी तर चिंचेने घासावी, पण पिवळी पडलेली डायल कृपया रंगवून घेऊ नये.